शाळेसाठी आदिमानवाच्या कवट्या (नकली हो!) – कुठल्या घ्याव्यात?

कृष्णाकाठची_मास्तरीण | ९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

कराडच्या पुढे एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. दर जूनमध्ये फळ्यावर तीच रांग काढते: वाकलेलं माकड, जरा कमी वाकलेलं, शेवटी ताठ माणूस. आणि दर जूनमध्ये मागच्या बाकावरून तोच प्रश्न येतो, "बाई, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?" मी उत्तर देते, पण पोरांच्या चेहऱ्यावरून कळतं की काही पोचलेलं नाही.

यंदा ९८ च्या बॅचने प्रयोगशाळेसाठी वीस हजार दिलेत. हेडसरांना प्रोजेक्टर हवा होता. मी म्हटलं, चित्रं पुष्कळ झाली, पोरांच्या हातात काहीतरी देऊ. ऑस्ट्रालोपिथेकस, निअँडरथल वगैरे आदिमानवांच्या कवट्यांच्या प्रतिकृती मिळतात हे माहीत आहे, पण कुठल्या घ्यायच्या? रेझिनच्या की थ्रीडी प्रिंट केलेल्या? पाच घ्यायचा विचार आहे.

आणि एक घरगुती अडचण. पार्सल घरीच येणार. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

बोरकूट | ९ जून, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. (कवटीवर नव्हे.)

हाडवैद्य | ९ जून, रात्री ११:१५

बाई, आधी एक सांगतो. कोणी "खरी कवटी मिळवून देतो" म्हणालं तर लांब राहा. आमच्या वेळी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला सीनियरकडून हाडांचा सेट विकत घ्यायची पद्धत होती. माझा सेट पोत्यात भरून एसटीच्या टपावरून आला. कवटीवर माझ्या आधीच्या तिघांनी पेन्सिलीने नसांची नावं लिहिलेली, तीन वेगळी अक्षरं, त्यातल्या एकाचं स्पेलिंग चुकलेलं आणि पुढच्याने ते सुधारलेलं. खोलीमालकिणीला ती दिसली त्या दिवशी मला खोली सोडावी लागली.

ही हाडं कुणाची होती हे तेव्हा आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे पुरवणारा मोठा देश आपणच होतो, १९८५ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी आणेपर्यंत. आता विचार केला की कसंतरी होतं.

असो. मुद्द्याचं: तुमच्या पाचांत आधुनिक माणूस आणि चिंपांझी या दोन प्रतिकृती आधी घ्या. तुलनेला काही नसेल तर पोरांना बाकीच्या सगळ्या सारख्याच दिसतील. माणसाची प्लास्टिकची कवटी मेडिकलच्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळते.

पेठेतला_उमेदवार | १० जून, सकाळी ७:०५

यूपीएससीला मानववंशशास्त्र ऑप्शनल घेऊन तिसऱ्यांदा बसतोय. आजवर उत्तरपत्रिकेत शंभरेक कवट्या काढल्या असतील, हातात एकही घेतलेली नाही. मास्तरीणबाई, सेट आला की बघायला येऊ का?

जोबर्गकर | १० जून, दुपारी २:३०

मी जोहान्सबर्गला अकरा वर्षं आहे. इथून गाडीने तासाभरावर स्टर्कफोंटेनच्या गुहा आणि मारोपेंगचं संग्रहालय. पाहुणे आले की हत्ती-सिंहांच्या आधी मी त्यांना तिकडे नेतो, बायको वैतागते.

माझ्या मते यादीत पहिलं नाव 'टाउंग बाळा'चं, म्हणजे ऑस्ट्रालोपिथेकसच्या पोराचं. १९२४ मध्ये टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून दगडांची खोकी रेमंड डार्टच्या घरी आली, तो इथल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शरीररचना शिकवायचा. त्याच दिवशी त्याच्या घरी मित्राचं लग्न होतं आणि हा नवरदेवाचा पाठराखा. अर्धवट कपडे चढवलेले, तसाच खोकी उघडायला बसला. त्यात निघाला मेंदूच्या आकाराचा चुन्याचा गोळा: कवटीत चुना भरून दगड झालेला, वळ्यांसकट. मग चेहरा ज्या दगडात अडकला होता तो त्याने दोनेक महिने कोरला, बायकोच्या विणकामाच्या सुया धार लावून. १९२५ च्या फेब्रुवारीत निबंध छापून आला. इंग्लंडातल्या मोठ्या लोकांनी उडवून लावलं, म्हणे एपचं (बिनशेपटीच्या माकडाचं) पोर आहे. मान्य व्हायला वीसेक वर्षं गेली.

प्रतिकृती घेताना चेहरा, जबडा आणि मेंदूचा गोळा असे सुटे भाग असलेली घ्या. गोळा चेहऱ्यामागे बसवला की पोरांना आपोआप कळतं. कवटीखालचं भोकही दाखवा, जिथून पाठीच्या कण्यातली नस मेंदूत शिरते ते. चार पायांवर चालणाऱ्यात ते मागे असतं, आपल्यात खाली मधोमध. टाउंगमध्ये ते पुढे सरकलेलं आहे. तेवढ्यावर डार्ट म्हणाला, हे बाळ दोन पायांवर चालायचं.

दुसरी 'मिसेस प्लेस', तीही ऑस्ट्रालोपिथेकसच. १९४७, स्टर्कफोंटेन, रॉबर्ट ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन. सुरुंग लावला त्यात कवटीचे दोन तुकडे झाले, मग जोडली. तोंडात एक दात नाही, अगदी बोळकं. ती बाई होती की बाप्या, यावरही अजून वाद आहे. गुहेपाशी ब्रूमचा पुतळा आहे हातात ती कवटी घेतलेला; लोकांनी नशिबासाठी चोळून चोळून त्याचं नाक आणि हात चकचकीत केलेत. आपल्याकडे नंदीचं होतं तसं.

नोझल_०४ | १० जून, रात्री १०:४८

थ्रीडी प्रिंटवाला हजर आहे. पाच विकत घ्यायची गरजच नाही. आफ्रिकेतल्या पुष्कळ जीवाश्मांचे स्कॅन फुकट उतरवता येतात. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या होमो नालेदी या आदिमानवाचे तर २०१५ च्या सप्टेंबरात शोध जाहीर केला त्याच दिवशी मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर टाकले होते, जगात कुणीही उतरवून छापावेत म्हणून. एरवी मूळ हाड बघायला वर्षानुवर्षं चपला झिजवाव्या लागतात, म्हणून हे मोठंच होतं. शाळेसाठी छापायला अडचण नाही, विकायचं असेल तर अटी वाचा.

पूर्ण आकाराची कवटी माझ्या मशीनवर ०.२ मिमीच्या थराने दीड दिवस घेते. खरा ताप गालाच्या हाडाच्या कमानीखाली जे आधार छापले जातात ते काढताना. घाईत पक्कड लावली आणि केनियात सापडलेल्या 'तुर्काना मुला'च्या कवटीची कमानच हातात आली. नंतर गरम पाण्याचा उपाय सापडला.

इशारा: पीएलएची (प्रिंटरच्या प्लास्टिकची) कवटी उन्हात गाडीत ठेवू नका. सोलापूर, मे महिना, डॅशबोर्डवर निअँडरथल. दोन तासांनी आलो तर भुवईचं हाड खाली बसलेलं. निअँडरथल सोडून कुठलीतरी नवीनच प्रजाती तयार झाली.

बोरकूट | १० जून, रात्री १०:५५

होमो सोलापुरेन्सिस. शोधकर्त्याचं नाव लावा.

पेणचा_साचेवाला | ११ जून, सकाळी ११:२०

आमचा गणपतीचा कारखाना आहे, पेणला, आजोबांपासून. मागे एका प्रदर्शनासाठी कवटीचा साचा करायचं काम आलं होतं, त्यावरून लिहितो.

प्रिंटरवाल्या दादांनी कमानीचं म्हटलं ते बरोबर, साच्यातही तोच घोळ. गणपतीच्या सोंडेमागे जशी आत वळलेली जागा असते तशा कवटीत जागोजागी आहेत: डोळ्यांची खोबण, गालाची कमान, नाकाचं भोक. कडक साचा तिथे अडकून बसतो. म्हणून रबराचा घ्यायचा, सोलून काढता येतो. कमानीच्या मागची फट आधी शाडूने बुजवायची, नाहीतर रबर आरपार जाऊन गाठ बसते. रबर नरम असतं, त्याचा आकार टिकावा म्हणून बाहेरून पीओपीचं कवच, दोन पाकळ्यांचं. मग आत रेझिन ओतून साचा हातात सगळीकडून फिरवायचा, म्हणजे कवटी पोकळ येते. भरीव ओतली तर तापते आणि तडकते, शिवाय वजन आणि खर्च.

विकत घेताना कडेने शिवण बघा. शिवण जाडजूड असेल तर साचा जुना, पुष्कळ माल काढलेला. दातांच्या मधे बुडबुडे असतील तर घाईत ओतलेली. आणि प्रतीवरून साचा, त्यावरून परत प्रत, असं करत गेलं की माल दर वेळी केसभर आक्रसतो आणि बारकावे पुसतात. आमच्यात जुन्या साच्याच्या मूर्तीला "चेहरा झोपला" म्हणतात.

अन्नपूर्णा_ | ११ जून, दुपारी १२:०२

"चेहरा झोपला" हे फार आवडलं!

उलट_तपासणी | ११ जून, रात्री ९:१०

सगळे प्रतिकृतींच्या प्रेमात पडलेत म्हणून विरोधी पक्षात बसतो.

पिल्टडाउन आठवा. १९१२ मध्ये इंग्लंडात 'सापडला', १९५३ मध्ये बनावट ठरला. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, हाडं रंगवून जुनी केलेली. एवढी वर्षं का टिकला? एक कारण असं की अभ्यासकांना मूळ हाडं क्षणभर दाखवून हातात प्लास्टरच्या प्रती दिल्या जायच्या. लुई लीकींनी पुढे तशी तक्रारही केली. रंग दिल्याचं, कानस फिरवल्याचं प्रतीत कसं कळणार?

दुसरं. प्रतिकृतीत हाड कुठे संपतं आणि कल्पना कुठे सुरू होते ते विकणारा सांगत नाही. तांझानियाचा 'झिंज', मेरी लीकींना १९५९ मध्ये ओल्डुवायला मिळाला, अक्रोडफोड्या म्हणून प्रसिद्ध. त्याचा खालचा जबडा सापडलेलाच नाही. बाजारातल्या प्रतीला जो लावतात तो बहुतेक वेळा पेनिंजला मिळालेल्या दुसऱ्याच्या जबड्यावरून केलेला. केनियातली १४७० क्रमांकाची कवटी दीडशेहून जास्त तुकड्यांची. तिचा चेहरा किती उभा बसवायचा यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. प्रत मात्र एकच चेहरा घेऊन येते आणि पोरांना वाटतं हे असंच होतं. इथिओपियात सापडलेल्या ऑस्ट्रालोपिथेकस 'लूसी'ची कवटी म्हणून जे विकतात त्यात लूसीचे स्वतःचे तुकडे मूठभर.

ग्रंथपाल_काका | ११ जून, रात्री १०:३५

@उलट_तपासणी, तुमचं पटलं, पण दुसरी बाजूही ऐका.

पेकिंग मानव. १९२९ च्या डिसेंबरात पेई वेनचोंग यांनी चौकोत्यानच्या गुहेत पहिली कवटी काढली, पुढे आणखी मिळाल्या. त्यांचा अभ्यास करणारे फ्रान्झ वायडनराइख म्हणजे अतिशय काटेकोर माणूस. प्रत्येक हाडाची चित्रं, मोजमापं, साचे. १९४१ मध्ये युद्ध दारात आलं तेव्हा ते साच्यांच्या प्रती घेऊन न्यूयॉर्कला गेले. मूळ हाडं पेट्यांत भरून अमेरिकी नौसैनिकांसोबत पाठवायचं ठरलं. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं आणि त्या पेट्या पुन्हा कधी कुणाला दिसल्या नाहीत. आज त्या कवट्यांबद्दल जगाला जे ठाऊक आहे ते त्या प्रतींवरून आणि चित्रांवरून.

आता सांगा, त्यांना नकली म्हणणार?

उलट_तपासणी | ११ जून, रात्री १०:५०

काका, विकेट दिली. पण जबड्याचा मुद्दा सोडत नाही.

हाडवैद्य | ११ जून, रात्री ११:०५

सोडू नकाच. मास्तरीणबाई, यातून सोपा उपाय निघतो: प्रतिकृतीवर जिथे हाड खरं त्याला एक रंग, भर घातली त्याला फिका रंग द्या. चांगली संग्रहालयं करतातच तसं.

नागपुरी_संत्रं | १२ जून, सकाळी ८:४५

काय बे, सारे आफ्रिकेत फिरून आले, चीनले गेले, अन् नर्मदेचा माणूस कोणालेच आठवला नाही?

मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात हाथनोरा गाव आहे, नर्मदेच्या काठी. ५ डिसेंबर १९८२ ला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना नदीकाठच्या गोट्यांच्या थरात कवटीचा वरचा भाग मिळाला, मुख्यतः उजवी बाजू. चेहरा नाही, दात नाहीत. आधी होमो इरेक्टस (आपल्या आधीची मानवजात) म्हटलं, मग १९९१ मध्ये काही अभ्यासकांनी पुरातन सेपियन्समध्ये, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या माणसांत टाकलं. मेंदूचा अंदाज ११५५ पासून १४२१ सीसीपर्यंत, म्हणजे कोण कसं मोजतो त्यावर. आपल्या देशात इतकी जुनी मानवी कवटी हीच एक. कराडच्या पोरांनी टाउंग पाहावं अन् हाथनोरा पाहू नये, हे काही जमत नाही राजेहो.

कृष्णाकाठची_मास्तरीण | १२ जून, दुपारी ४:१५

अरे बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसून वाचतेय.

धड्यात रामापिथेकसचं नाव येतं. त्याची कवटी घ्यावी का?

आणि घरची बातमी. काल सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाड आहे का?" म्हटलं, नाही, प्लास्टिक. "मग देवघराच्या भिंतीला लागून ठेवू नकोस, बाकी कुठंही ठेव." मीच उगाच घाबरत होते.

ग्रंथपाल_काका | १२ जून, संध्याकाळी ६:००

रामापिथेकस अजिबात नको. १९३० च्या दशकात शिवालिकमधल्या जबड्याच्या तुकड्यांवरून ते नाव पडलं, कवटी अशी कधी नव्हतीच. साठच्या दशकात त्याला माणसाचा पूर्वज मानत. पुढे पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर शिवापिथेकस या जुन्या एपचा चेहरा मिळाला, १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो चक्क ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. रामापिथेकस त्याच्यातच विलीन झाला. पुस्तकात आहे म्हणून परीक्षेत लिहू द्या, पण पोरांना हकीकत सांगा.

अन्नपूर्णा_ | १२ जून, रात्री ८:२०

माझा मुलगा पुण्यात याच विषयात शिकतो, त्यामुळे आमच्या फ्रीजवर मिसेस प्लेस बसलेली असते. तिच्यावर आम्ही केलेला प्रयोग सांगते, शाळेत सहज होईल. कवटी पोकळ हवी आणि खालचं भोक उघडं. डोळ्यांची आणि नाकाची छिद्रं कणकेने बुजवायची. कवटी उलटी धरून खालच्या भोकातून नरसाळ्याने मोहरी ओतायची. ओतताना बोटाने टिचक्या मारायच्या म्हणजे मोहरी बसते. मग ती मोजपात्रात काढायची. जुन्या काळी शास्त्रज्ञ असंच मोजत म्हणे, मोहरी नाहीतर शिशाच्या गोळ्या भरून.

पुस्तकात मिसेस प्लेसचा मेंदू ४८५ सीसी आहे. आम्हाला साडेचारशेच्या आसपास मिळाले, प्रतीची भिंत आतून जाड असणार. म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून कमी! आपला साधारण १३५०. आणि १९०८ साली फ्रान्समध्ये सापडलेल्या ला शापेलच्या निअँडरथल म्हाताऱ्याचा १६०० च्या वर, आपल्यापेक्षा मोठा. हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला.

पेठेतला_उमेदवार | १२ जून, रात्री ८:४१

आणि नालेदीचा ४६५ ते ६१०, वय मात्र जेमतेम २,३६,००० ते ३,३५,००० वर्षं. म्हणजे मोठ्या मेंदूचे लोक आफ्रिकेत हिंडत होते तेव्हा हा संत्र्याएवढ्या मेंदूचा भाऊबंदही तिथेच होता. मास्तरीणबाई, तुमच्या मागच्या बाकाचं उत्तर यातच आहे. फळ्यावरची रांग पुसा. रांग नाहीच ती, भावकी आहे. काही घरं बुडाली, एक उरलं. चिंपांझी आपला आजा नव्हे, चुलत घरातला.

नागपुरी_संत्रं | १२ जून, रात्री ९:००

संत्र्याएवढा? नागपूरचं संत्रं एवढं मोठं नसते भाऊ. मोसंबी म्हणा.

बोरकूट | १२ जून, रात्री ९:०४

भावकी म्हटल्यावर सातबाऱ्याचं काय?

जोबर्गकर | १३ जून, दुपारी १:१०

अवांतर: मिसेस प्लेसची प्रत हातातल्या बॅगेत घालून एकदा मुंबईला आलो होतो. एक्स-रेवरच्या माणसाने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्याला हाक मारली. बॅग उघडल्यावर मी म्हटलं, "पंचवीस लाख वर्षांपूर्वीची आहे." तेवढंच बोलायला नको होतं. मग पुराणवस्तूंचे नियम, वरिष्ठ, चहा. शेवटी आतल्या बाजूला कोरलेला कंपनीचा शिक्का दाखवला तेव्हा सुटलो. पावती जवळ ठेवा लोकहो.

कृष्णाकाठची_मास्तरीण | २२ ऑगस्ट, रात्री १०:०५

धागा वर काढते. उशीर झाला, पण काम झालं!

शेवटी रेझिनच्या दोनच घेतल्या, टाउंग आणि मिसेस प्लेस. परदेशातून मागवायला एकेक कवटीला दोनशे-तीनशे डॉलर म्हणत होते, एवढं कुठून आणणार? पुण्यातल्या एका ओळखीच्या करणाऱ्याकडून घेतल्या. शिवण बघून घेतली हो पेणकर. झिंज, तुर्काना मुलगा, ला शापेल आणि चिंपांझी @नोझल_०४ यांनी छापून दिले, फक्त मालाचे पैसे घेतले. माणसाची प्लास्टिकची. झिंजच्या जबड्याला पोरांनी पिवळा रंग दिलाय आणि खाली पाटी, "हा याचा नाही". @उलट_तपासणी, खास तुमच्यासाठी. हाथनोराचा स्कॅन मिळाला नाही, त्याचं मोठं चित्र आणि नकाशा भिंतीवर लावलाय.

पहिल्या तासाला काहीच शिकवलं नाही. सात कवट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, लावा. पोरांनी आधी रांगच लावली. झिंजवर भांडण सुरू झालं: डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा, दाढा जात्याएवढ्या, याला कुठे बसवायचा? एकाने तो उचलून बाजूला ठेवला, म्हणाला, "हा वेगळ्या घरातला." मी अजून भावकीचा शब्दही काढला नव्हता.

मग टाउंग. नववीतल्या एका मुलीने (वर्ग एकत्र बसवला होता) जबडा उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "बाई, याचे दुधाचे दात आहेत, आणि मागे पहिली मोठी दाढ नुकतीच आलीय. माझ्या भावाची आत्ताच आली. हा सहा वर्षांचा असणार, पहिलीतला." सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, विचारून सांगते. तर जाणकारांनो, बरोबर आहे का?

जोबर्गकर | २२ ऑगस्ट, रात्री १०:४०

बाई, त्या मुलीला सांगा, १९२५ मध्ये डार्टनेही हेच म्हटलं होतं. त्याच दाढेवरून, सहा वर्षं. माणसाच्या पोराचा हिशेब लावून. साठ वर्षांनी दातांच्या एनॅमलचे थर तपासले तेव्हा कळलं की ही पोरं आपल्यापेक्षा लवकर वाढायची. आता साधारण तीन-चार वर्षांचं धरतात.

कृष्णाकाठची_मास्तरीण | २२ ऑगस्ट, रात्री १०:५२

म्हणजे पहिलीतला नाही, अंगणवाडीतला. सोमवारी सांगते तिला, डार्टचंही आणि अंगणवाडीचंही.

@अन्नपूर्णा_, मोहरीचा प्रयोग केला. आम्हाला ४४० आले. पण कणीक काढली तरी मिसेस प्लेसमधून अजून मोहरी निघतेच आहे.

अन्नपूर्णा_ | २२ ऑगस्ट, रात्री ११:०१

आमच्याकडे तर फ्रीजमागे उगवली होती.